'डोळस श्रद्धा' म्हणणं चूक आहे का?

प्रश्न असा आहे : पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरातल्या एका व्याख्यानात 'डोळस श्रद्धा' हा शब्द दोन-तीनदा आला. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "हा वदतोव्याघात आहे, शब्द स्वतःलाच खोडतो. श्रद्धा डोळे मिटूनच ठेवायची असते." मग 'अंधश्रद्धा' ही द्विरुक्ती झाली ना?

त्या गृहस्थांचं मला पटत नाही. 'पुरावा नसताना खरं मानणं' एवढाच श्रद्धेचा अर्थ धरला तर त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. पण हा शब्द इतका अरुंद कधीच नव्हता.

'श्रत्' आणि 'धा' मिळून श्रद्धा होते. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या प्राचीन कोशात, 'श्रत्' हा शब्द सत्याच्या नावांमध्ये दिलेला आहे. तौलनिक भाषाशास्त्रात त्याचं नातं हृदयाशी जोडतात आणि लॅटिनमधलं 'क्रेडो' (मी विश्वास ठेवतो) त्याच घडणीचं मानतात. 'धा' म्हणजे ठेवणं. मराठीतही श्रद्धा आपण 'ठेवतो', किंवा ती 'बसते'. आता, ठेवायची म्हटलं की कुठे ठेवायची हे आलंच. घरातला दागिना कुणाकडे ठेवायला देताना आपण माणूस पाहून देतो, तसंच हे. गीतेचा सतरावा अध्याय श्रद्धेचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगतो. प्रकार पाडले म्हणजे पारख आली, आणि पारख डोळे मिटून होत नाही.

म्हणून 'अंध' हे फुकटचं विशेषण नाही, ते एका प्रकाराला वेगळं काढतं. हिंदीत 'अंधविश्वास' चालतो, मराठीत 'अंधश्रद्धा' रुळला. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती निघाली आणि तिच्या नावाबरोबर हा शब्द गावोगाव गेला. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव मात्र मुद्दाम वाचा. त्यात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, पण 'अंधश्रद्धा' नाही. मला वाटतं ते योग्यच झालं. कायद्याला बोट ठेवायला कृती लागते, मनातल्या भावाला कलम लावता येत नाही. हा विषय पुण्यात नुसता शब्दांपुरता राहिलेला नाही. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी या समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांचा खून ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला, आणि वर्षानुवर्षं अडलेल्या या कायद्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला. त्या पुलावरून जाताना आजही माझी पावलं जड होतात.

घरातल्या बोलण्यात मात्र 'श्रद्धा' हा शब्द किती क्वचित येतो पाहा. माझ्या आईच्या तोंडून तो ऐकल्याचं मला आठवत नाही. ती 'देवाचं करायची'. शेजारणीबद्दल बोलताना "त्यांच्याकडे देवाचं फार असतं" म्हणायची. सोवळं 'पाळतात', नवस 'बोलतात' आणि 'फेडतात', गणपती 'बसतो', वारी 'असते'. ही सगळी करण्याची, वागण्याची क्रियापदं आहेत. जगाबद्दलचा एखादा दावा खरा की खोटा, हा प्रश्न त्यांत आधी येतच नाही. मला ताप आला की आई आधी डॉक्टरांकडे न्यायची, आणि घरी आल्यावर कपाळाला अंगारा लावायची. हा क्रम कधी उलटा झाला नाही.

दाव्याच्या सगळ्यात जवळ जाणारं आपलं क्रियापद म्हणजे 'मानणे', आणि ते दोन्हीकडचे लोक वापरतात. "मी देव मानतो" म्हणणारा जितका मराठी, तितकाच "आम्ही बुद्धी प्रमाण मानतो" म्हणणारा. बुद्धिप्रामाण्य म्हणजे तरी दुसरं काय? तुकोबांनी एका ओळीत हे सारं गाठलं आहे : 'सत्य असत्यासी मन केले ग्वाही। मानियेले नाही बहुमता।।' विठ्ठलावर जीव टाकणारा माणूस खऱ्याखोट्याच्या बाबतीत साक्षीला स्वतःचं मन उभं करतो आणि चारचौघांचं मत मानायला नकार देतो. 'डोळस श्रद्धा' या शब्दाला याहून जुना आणि भक्कम आधार मला दुसरा ठाऊक नाही.

तेव्हा शब्द खुशाल वापरा, पण स्वस्त करू नका. 'माझी ती डोळस, तुझी ती आंधळी' अशा अर्थानेही तो सर्रास फेकला जातो, आणि व्याख्यानातल्या त्या गृहस्थांना बहुधा त्याचाच राग असावा. जी श्रद्धा कधी तपासली नाही, जिच्यातलं काही बदललं नाही की सोडलं नाही, तिला डोळस म्हणवत नाही.

आईने पन्नास वर्षं संकष्टी केली. मधुमेह निघाला त्या महिन्यात तिने उपास सोडला. संध्याकाळी वेळेवर जेवली, मग चंद्रोदय झाल्यावर नेहमीसारखी आरती केली. मी विचारलं तर म्हणाली, "बुद्धीची देवता ना तो? त्याला कळतं."