ग्रोझच्या ‘फुटका घडा’ या चित्रात हरवलेली निरागसता नेमकी कशातून दिसते?

झाँ-बाप्तिस्त ग्रोझ या फ्रेंच चित्रकाराने 1771 च्या सुमारास रंगवलेलं हे लंबगोल चित्र पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. नजर आधी चित्रातल्या मुलीच्या हातावर लटकणाऱ्या फुटक्या घड्याकडे जाते आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण एकटा घडा फार काही सांगत नाही. पाणवठ्यावर तो कुणाकडूनही फुटू शकतो.

खरा अर्थ तिच्या दोन्ही हातांत आहे. फुलं पोटाशी धरताना तिने झगा मुठीत आवळलाय, आणि ही पकड बरोबर ओटीपोटाशी येते. त्या काळच्या युरोपीय चित्रांत फुलं खुडली जाणं म्हणजे कौमार्य जाणं, हा संकेत सर्वांना ठाऊक होता. मग वर पाहा: पांढऱ्या पोशाखाचा गळा विस्कटलेला, एक स्तन अर्धवट उघडा. चेहरा मात्र लहान मुलीचा, आणि ती थेट आपल्याकडे बघते. ही विसंगतीच चित्राचा गाभा आहे. मला ती अस्वस्थ करते, कारण करुणा आणि कामुकता ग्रोझने मुद्दामच एकत्र ठेवल्या आहेत.

अर्थ ताणलेला वाटत असेल, तर त्याचीच इतर चित्रं शेजारी ठेवून पाहा. ‘फुटलेली अंडी’ (1756) न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, त्यात एक लहान मुलगा फुटलेलं अंडं जोडू पाहतो; जे एकदा गेलं ते परत जुळत नाही, हाच त्याचाही अर्थ. 1765 च्या प्रदर्शनातल्या, मेलेल्या पक्ष्यासाठी रडणाऱ्या मुलीबद्दल तर फ्रेंच लेखक आणि कलासमीक्षक दिदरोने तेव्हाच लिहिलं होतं की तिचं दुःख पक्ष्याचं नाही.