तीन वर्षं जुन्या फोनला आलेला अपडेट करावा का? कंपन्या अपडेट देऊन फोन मुद्दाम बिघडवतात, हे खरं आहे का? आणि ऑफिसातल्या विंडोज १० चं काय करायचं?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: "आमचा मोबाईलवाला म्हणतो अपडेट मारू नका, नवा फोन विकायला कंपनीच जुना खराब करते." ते वाचलं आणि रात्री साडेअकराला उत्तर लिहायला बसलो. हेच वाक्य मी २०२३ पासून घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकतोय आणि ऐकवणारा माझा सख्खा मामा आहे.

आधी उत्तर. अपडेट करा, पण दुपारी करू नका. दुपारी का नको, त्यासाठी मामाचा किस्सा सांगावा लागेल.

मामा अमळनेर तालुक्यातला. ज्या अमळनेरात १९४५ साली विप्रोची तेलाची गिरणी निघाली, जिथे लोकांनी विप्रोचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्याच तालुक्यातला हा माणूस फोनवर 'अपडेट उपलब्ध' अशी पाटी आली की विंचू दिसल्यासारखा फोन लांब धरतो. मी जळगावच्या दाणाबाजारात अडत दुकानांची कॉम्प्युटरं सांभाळतो. हिशेबाचं टॅली, प्रिंटर, वायरी, जे पडेल ते. त्यामुळे घरात फोनचं काहीही असलं की "भाच्याला दाखव".

मे २०२३, मामेबहिणीची हळद. पारा पंचेचाळीसच्या घरात, लाईट गेलेली. मामा घाम पुसत आला आणि फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, हे सारखं सारखं काय सांगतंय बघ. बघितलं तर अँड्रॉइडचा मोठा अपडेट, शिवाय सुरक्षा पॅच, म्हणजे फोनमधल्या चोरवाटा बुजवणारा छोटा अपडेट, दहा महिने जुना. माझ्यातला मास्तर जागा झाला. माझ्या हॉटस्पॉटवर डाऊनलोड केलं, मांडवाच्या जनरेटरवर चार्जिंगला लावला आणि पडवीत पत्र्याखालच्या कोनाड्यात ठेवून जेवायला बसलो. पंगतीवरून उठून बघतो तर अपडेट झालेला आणि फोन काड्यांच्या जाळातून काढलेल्या भरताच्या वांग्यासारखा. अक्षरशः रुमालात धरून उचलला.

संध्याकाळी मामा व्याह्यांना मुलीचे फोटो दाखवत होता आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. दोऱ्याएवढी, पण नवरीच्या बरोबर नाकावरून गेलेली. भर मांडवात मामा ओरडला, "भाचा, तू मना फोन मारी टाका!"

व्याही हसले. मी नाही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी मामाला समजावलं. आता तुम्हाला समजावतो, कारण तुमच्या मोबाईलवाल्यालाही हे माहीत नाही. अशी रेघ दिसली की आधी स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. स्क्रीनशॉट म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेलं चित्र, ते पडद्यापर्यंत पोचायच्या आधीचं. दुसऱ्या फोनवर त्यात रेघ नसेल तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे, पडदा गेलाय. ॲमोलेड पडद्यात (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) प्रत्येक उभ्या रांगेला कडेने केसापेक्षा बारीक जोडणी येते. एखादी सुटली की ती रांग पेटलेलीच राहते. उष्णता, खिशातला दाब, पडझड, कशानेही ती सुटते. मामाच्या फोनचा स्क्रीनशॉट मी माझ्या फोनवर घेऊन दाखवला. रेघ नाही! मामाने बघितलं, स्वतःच्या फोनकडे बघितलं आणि विचारलं, "मंग मना डोया खराब शेतस का?"

सर्व्हिस सेंटरने वॉरंटी संपली म्हणून हात वर केले आणि नऊ हजारांचा आकडा सांगितला. मामाने फोन दुरुस्त केला नाही, बदललाही नाही. पुरावा म्हणून तोच वापरतो. कुठल्याही लग्नात मी फोनबद्दल दोन शब्द बोललो की खिशातून हिरवी रेघ बाहेर येते.

आता जे मामाला अजून सांगितलं नाही, ते इथे लिहितो. तो हे वाचत नाही. मोठा अपडेट झाल्यावर फोन सगळी ॲपं नव्याने मांडतो, फोटो पुन्हा चाळून लावतो, एक-दोन दिवस जास्त तापतो आणि बॅटरी जास्त खातो. त्यात खान्देशातला मे महिना, वर पत्रा, खाली चार्जर. ती जोडणी आधीच कच्ची असणार, पण शेवटचा धक्का अपडेटने नाही, मी दिला. म्हणून म्हणतो, पहाटे नाहीतर रात्री, कूलरसमोर, कव्हर काढून, आणि आधीच चार्ज करून ठेवलेल्या फोनवर.

"मुद्दाम स्लो करतात का?" हा तुमचा दुसरा प्रश्न. अगदीच हवेतला नाही. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःच कबूल केलं की जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला होता. कारण सांगितलं की नाहीतर थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडतो. कारण पटण्यासारखं होतं, गुपचूप केलं ते चुकलं, आणि अमेरिकेत त्यांना त्याची भरपाई द्यावी लागली. पण त्या एका गोष्टीवर जगातल्या प्रत्येक अपडेटला शिव्या घालणारे लोक मला डोक्यात जातात.

कारण त्यांना दोन अपडेटमधला फरकच ठाऊक नसतो. एक असतो आवृत्तीचा: नवे आयकॉन, नवी सजावट, सगळी धावपळ त्याची. तो नाही केला तर आभाळ कोसळत नाही. दुसरा सुरक्षा पॅच. त्यात दिसायला काहीच नवं नसतं, म्हणून लोक तोच टाळतात. २०१५ साली स्टेजफ्राइट नावाचं भोक सापडलं, नुसता एक एमएमएस पाठवून अँड्रॉइडमध्ये घुसता यायचं, माणसाने तो उघडायचीही गरज नव्हती. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टपासून गूगल जवळपास दर महिन्याला पॅच काढतं आणि कुठली भोकं बुजवली याची यादी जाहीर करतं. ती यादी चोरही वाचतात! आपण पॅच टाकला नाही म्हणजे कुठल्या घराची मागची कडी मोडकी आहे, ते पेपरात छापून येऊनही आपण कडी बसवली नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या एका भोकाचा पॅच १४ मार्च २०१७ ला दिला. त्याच भोकातून १२ मे ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर घुसला, फायली कुलूपबंद करून ३०० डॉलर मागत. मधे जवळजवळ दोन महिने होते. दाणाबाजारातले माझे एक शेठ तेव्हा म्हणायचे, अपडेट चालू ठेवला की टॅली बंद पडतं, म्हणून विंडोज ७ चे अपडेट बंदच करून टाक. मी मार्चअखेरच्या हिशेबाची गर्दी सरल्यावर, त्यांना न विचारता, रात्री थांबून सगळी मशीनं अपडेट केली. मे मध्ये टीव्हीवर बातमी आली तेव्हा शेठचा फोन आला, "आपल्याकडे काही झालं का?" नाही म्हटलं. चहासुद्धा पाजला नाही त्यांनी, पण माझ्या धंद्यातली सगळ्यात अभिमानाची रात्र तीच.

हा किस्सा मी मामाला सांगितला. मामा म्हणाला, कॉम्प्युटर वेगळा, फोन वेगळा. हिरव्या रेघेनंतर त्याने एकही अपडेट केला नाही, महिन्याचा पॅचसुद्धा नाही.

मग गेल्या पावसाळ्यात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून 'पीएम किसान' नावाची एक बनावट एपीके फाईल, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी फाईल, आली. मामाने दाबली. फोनने लाल पाटी दाखवली, मामाने तरीही इन्स्टॉल केली. एसएमएस वाचायची परवानगी मागितली, ती दिली. थोड्या वेळात ओटीपी तिकडे आणि तीन हप्त्यांत अडतीस हजार गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावला म्हणून त्यातले थोडे वाटेतच रोखले गेले, बाकीचे गेले.

मला वाटलं, आता तरी मामा मानेल. रात्री विचारलंही, बघा, अपडेट केला असता तर? आणि म्हणतानाच कळलं की आपण खोटं बोलतोय. पॅच भोकं बुजवतो. घरमालकाने स्वतः दार उघडून चोराला पाट मांडला तर पॅच काय करणार? मामाचा फोन त्या दिवशी ताजा असता तरी पैसे गेलेच असते. म्हणून तो वाद मी जिंकू शकलो नाही. तुम्ही मात्र व्हॉट्सॲपवर आलेली कुठलीही एपीके उघडू नका, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी.

तुमच्या ऑफिसच्या विंडोज १० बद्दल: त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मशीन विंडोज ११ घेत असेल तर टाका. घेत नसेल तर वाढीव मुदतीचे पॅच घ्या, आणि तेही नको असतील तर त्यावर बँकेचं काम बंद करा. हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली नको.

आणि हो, हे वर लिहायला हवं होतं. आवृत्तीचा मोठा अपडेट पहिल्या दिवशी करू नका, आठवडा-दोन आठवडे लोकांच्या तक्रारी वाचा. अपडेटही चुकतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने ८५ लाख विंडोज मशीनं बसवली, विमानतळांवर रांगा लागल्या, आणि ती कंपनी सुरक्षेचीच. फोटोंचा बॅकअप आधी. फोनची जागा गच्च भरली असेल तर आधी रिकामी करा. तीन-चार जीबी रॅमच्या फोनला आवृत्ती अपडेट जड जातो हेही खरं, त्यात तुमचा मोबाईलवाला अर्धा बरोबर आहे. पॅचच्या बाबतीत अजिबात नाही. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडलं की सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षभर जुनी असेल आणि कंपनीने पॅच देणंच बंद केलं असेल, तर त्या फोनवर बँक ठेवू नका. नवा घेताना कॅमेऱ्याआधी पॅच किती वर्षं मिळणार ते विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस २४ ला सात वर्षांचं वचन आहे, स्वस्त फोनला बऱ्याचदा दोन-तीनच.

मॉडेल तुम्ही लिहिलंच नाही. लिहा, मग नेमकं सांगतो. आणि खाली कुणी मामाच्या बाजूने लिहिणार असेल तर आधी आपल्या रेघेचा स्क्रीनशॉट टाका.