धास्ती, धसका की धडकी?

प्रश्न असा आहे: भयकथेत पानागणिक चढत जाणारी भीती एका शब्दात सांगायची, तर 'धसका' चालेल का?

माझ्या मते नाही. तिथे 'धास्ती' हवी, आणि त्याचं कारण क्रियापदात आहे. धसका बसतो, म्हणजे घडायचं ते घडून गेलेलं असतं आणि माणूस त्यातून अजून सावरलेला नसतो. धडकी भरते ती त्याच क्षणी. धास्ती मात्र लागते आणि लागून राहते. अजून काहीच घडलेलं नसतं. हे 'लागणे' मला फार मोलाचं वाटतं. चाहूल लागते, हुरहूर लागते, जिवाला घोर लागतो. यातलं काहीच आपण करत नाही, ते येऊन चिकटतं. 'दहशत' कुणाची तरी असते, गुंडाची किंवा नरभक्षक वाघाची. कोण आहे हेच कळलेलं नाही, तोवर ती नको.

धास्तीच्या आधीची पायरी म्हणजे शंका, आपल्या बोलीत मनात पाल चुकचुकणं. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या 33 व्यभिचारी भावांत (म्हणजे मुख्य भावनेच्या सोबतीनं येऊन जाणाऱ्या क्षणिक भावनांत) 'शंका' आणि 'त्रास' हे दोन्ही आहेत. तिथला त्रास म्हणजे वीज कोसळल्यावर दचकणं. मराठीत तो शब्द कटकटीच्या अर्थाने रुळला. शंकेची लक्षणं मात्र आजही जशीच्या तशी कथेत वापरता येतील: पुन्हा पुन्हा इकडेतिकडे पाहणं, तोंडाला कोरड पडणं, आवाज बदलणं.

पहिल्याच परिच्छेदात बोबडी वळली, दातखीळ बसली, की पुढे चढायला जागा उरत नाही. त्यापेक्षा असं पाहा:

माडीच्या दाराची कडी रात्री लावलेली होती, सकाळी निघालेली दिसली. दुसऱ्या रात्री तिनं कडी लावून दोनदा ओढून पाहिली. तिसऱ्या रात्री तिनं कडी लावलीच नाही.

इथे भीतीचा एकही शब्द नाही. यापुढे 'तिला धास्ती लागली' असं निवेदकानं सांगितलं, तर चढ तिथेच संपेल. तो शब्द धाकट्या दिराच्या तोंडी द्या: "वहिनी, एवढी कसली धास्ती घेतलीय? कडी तर रोज मीच काढतो."

आणि दीर चार दिवसांपूर्वीच गावाला गेलेला असू द्या.