क्वांटममुळे जाणीव उलगडेल का? तुझ्या पत्राला उत्तर

प्रिय,

जाणिवेचं उत्तर क्वांटम भौतिकीतच दडलंय, असं तू जवळजवळ ठरवूनच लिहिलं आहेस. मला ते पटत नाही, पण तुझी ओढ मोलाची वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

मन बघतं म्हणून क्वांटम अवस्था कोसळते, म्हणजे एकाच वेळी असलेल्या अनेक शक्यतांपैकी एकच उरते, ही कल्पना आधी सोडून दे. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी 1961 मध्ये ती गांभीर्यानं मांडली होती आणि पुढे स्वतःच मागे घेतली. व्हिएन्नातल्या गटाचा 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग नीट बघ. कार्बनच्या 70 अणूंचा रेणू बारीक जाळ्यांमधून सोडला की तरंगांसारखे व्यतिकरणाचे, म्हणजे तरंग एकमेकांत मिसळून उमटणारे, पट्टे मिळतात. तेच रेणू आधी लेसरनं तापवले, तर तापमान वाढेल तसे पट्टे पुसट होत जातात आणि शेवटी दिसेनासेच होतात. तापलेला रेणू स्वतःच प्रकाशकण बाहेर टाकतो, आणि तो कुठून गेला याची खूण त्या प्रकाशासोबत आसपास पसरते. ती खूण कुणी वाचलेली नसते, तरी पट्टे जातात. मोजल्यावर अनेक शक्यतांतून एकच का उरते, हा मोजमापाचा सगळा प्रश्न यानं सुटत नाही, हे खरं. पण पट्टे घालवायला मन लागत नाही, एवढं इथे स्पष्ट दिसतं.

गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमेरॉफ यांचं म्हणणं मात्र असं झटकून टाकू नकोस. मज्जापेशींमधल्या साधारण 25 नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिकांमध्ये (प्रथिनांच्या बारीक नळ्यांमध्ये) क्वांटम अवस्था टिकतात आणि त्यांच्या कोसळण्यातून जाणिवेचे क्षण घडतात, असं ते मांडतात. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी 2000 मध्ये हिशेब केला: मेंदूच्या उबेत अशी अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापर्यंत टिकेल, आणि मज्जापेशींचं काम तर मिलिसेकंदांत चालतं. हॅमेरॉफ यांच्या बाजूनं 2002 मध्ये उत्तर आलं, गृहीतकं बदलून सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत मजल गेली. माझा कल टेगमार्ककडे आहे. तरीही सजीवांमध्ये क्वांटम परिणाम शक्यच नाहीत, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नकोस. पक्ष्यांच्या चुंबकीय दिशाज्ञानामागे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा (कणाच्या अंगच्या, इवल्या चुंबकासारख्या क्वांटम गुणाचा) खेळ असावा, याला बरेच आधार आहेत.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. समजा, उद्या सूक्ष्मनलिकांत पूर्ण सेकंदभर टिकणारी क्वांटम अवस्था सापडली. मग दात दुखताना ते *दुखतं* का? विद्युत-संकेतांना जे विचारायचं, तेच त्या अवस्थेलाही विचारावं लागेल. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1995 मध्ये ज्याला अवघड प्रश्न म्हटलं तो हाच, आणि क्वांटमचं नाव घेतल्यानं तो तसूभरही हलत नाही. दोन्ही गोष्टी गूढ आहेत, म्हणून त्यांचं नातं असलंच पाहिजे, हा तर्क तुझ्या पत्रात तीनदा आलाय. तो काढून टाक आणि मग काय उरतं ते बघ.

आता काम सांगतो. डिकोहेरन्स, म्हणजे आसपासच्या संपर्कानं क्वांटम अवस्था विस्कटणं, गणितासकट शिकून घे. त्यानंतर 2018 चा झेनॉनवरचा शोधनिबंध वाच. झेनॉन या वायूनं भूल येते. रसायनदृष्ट्या सारखीच असलेली त्याची समस्थानिकं (फक्त केंद्रकातल्या न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले त्याचेच अणू) उंदरांना दिली, तर ज्यांच्या केंद्रकाला स्पिन आहे त्यांचा प्रभाव कमी पडला. हा फरक क्वांटमशिवाय आणखी कशानं पडू शकेल, याची यादी करून मला पाठव.

तुझा,
सर