धावपटूंचे प्रश्न : आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

या वेळच्या पत्रांत वेगाबद्दल पुष्कळ विचारलंय, खाण्याबद्दल अगदी थोडं. पण एकेक पत्र वाचत गेले तसं जाणवलं, की वेगाच्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ ताटात आहे. म्हणून आज जेवणाबद्दल जरा जास्त लिहिते.

प्रश्न : माझं वय ४४, वजन ७० किलो. तीन फुल मॅरेथॉन केल्या. तिन्ही वेळा तिसाव्या किलोमीटरपर्यंत ठरल्या पेसने (वेगाने) गेलो आणि मग पाय शिशाचे झाले, डोकं बधिर झालं, शेवटचे दहा किलोमीटर जवळजवळ चालत काढले. ग्रुपमधले म्हणतात, मनाची तयारी कमी पडते. रेसच्या सकाळी पोट जड नको म्हणून फक्त कॉफी घेतो. वाटेत दोन जेल (पळता पळता चोखायच्या कर्बोदकांच्या पुड्या). मनाची ताकद वाढवायला काय करू?

उत्तर : मनाचं खापर आधी बाजूला ठेवा. तुमचा हिशेब कागदावर मांडता येतो, तो मांडूया.

सपाटीवर पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ७० किलो आणि ४२.१९५ किलोमीटर म्हणजे २,९५० च्या आसपास. आता साठा बघा. नियमित पळणाऱ्या, नीट जेवलेल्या माणसाच्या सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं, यकृतात आणखी १०० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या तर बेरीज २,००० ते २,४०० होते. त्यातही दंडांत, खांद्यांत जे साठलंय ते मांड्यांना थेट मिळत नाही, कारण साठलेली साखर पुन्हा रक्तात सोडायला जे विकर (एन्झाइम) लागतं ते स्नायूंकडे नसतंच. ते यकृताकडे असतं. रक्तातली साखर टिकवणं, म्हणजे मेंदूला पोसणं, हे यकृताचं काम. आणि रात्रभराच्या उपासाने सकाळपर्यंत यकृतच बरंचसं रिकामं झालेलं असतं. तुम्ही त्यावर फक्त कॉफी घेऊन स्टार्ट लाइनला उभे राहता. पाय आणि डोकं दोन्ही एकदम का बंद पडतात, याचं उत्तर इथे आहे.

हे नवं नाही. १९२४ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन संपवलेल्या काही धावपटूंचं रक्त डॉक्टरांनी तपासलं, तर जे अगदी गळून गेले होते त्यांची साखर फार खाली गेलेली. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत धावपटूंना आधी भरपूर कर्बोदकं आणि वाटेत गोड गोळ्या दिल्या. साखर टिकली आणि माणसंही टिकली. मग १९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन स्वीडिश डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलवर दोघांनी एकेका पायाने पेडल मारलं. पाय पार थकेपर्यंत. दुसरा पाय स्वस्थ. नंतर तीन दिवस कर्बोदकांचं जेवण आणि सुईने स्नायूचा नमुना काढून तपासणी. दमलेल्या पायात स्वस्थ पायाच्या जवळजवळ दुप्पट ग्लायकोजेन भरलं होतं. तेच जेवण, तेच रक्त, फरक फक्त कामाचा. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण पळणं आणि खाणं ही दोन वेगळी खाती नाहीत हे त्याने एका माणसाच्या दोन पायांत दाखवून दिलं.

तुम्ही विचाराल, चरबी तर ढीगभर आहे, ती का नाही चालत? चालते, पहिल्या पावलापासून चालते. पण तिच्यातून ऊर्जा हळू सुटते, आणि एक लिटर ऑक्सिजन खर्चून कर्बोदकांतून ५ किलोकॅलरी मिळत असतील तर चरबीतून ४.७ मिळतात. क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांनी चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्बोदकं जवळजवळ बंद केलेल्या गटाचं शरीर चरबी जाळायला उत्तम शिकलं, पण त्याच वेगाला जास्त ऑक्सिजन लागू लागला, आणि बाकीचे गट सुधारले तरी यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली नाही.

आता करायचं काय. रेसच्या आधीचे दीड-दोन दिवस किलोमागे १० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे तुम्हाला दिवसाला ७०० ग्रॅम. ते बरंच वाटेल. कोंडा, चोथा, तळलेलं कमी करा म्हणजे पोटात मावतं. वजन एखाद-दोन किलोने वाढेल, घाबरू नका. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं आणि ते वाटेत कामाला येतं. रेसच्या तीन तास आधी १४० ते २०० ग्रॅम कर्बोदकांचा, पचायला हलका नाश्ता. आणि पळताना तासाला ६० ग्रॅम, पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात करून. एका जेलमध्ये बहुधा २० ते ३० ग्रॅम असतात, तेव्हा दोन जेलमध्ये तुमचा एक तासही जेमतेम भागतो. मी शिकवते त्या धावपटूंना घड्याळात दर २५ मिनिटांचा गजर लावायला सांगते, कारण भूक लागेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो.

नुसतं ग्लुकोज आतड्यातून तासाला सुमारे ६० ग्रॅमच शोषलं जातं. त्याची वाट तेवढीच अरुंद. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे, म्हणून दोन्ही मिसळलेलं पेय किंवा जेल असेल तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. पण हे रेसच्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलात तर पोट बिघडेल. आतड्यालाही सराव लागतो. येत्या आठ-दहा आठवड्यांच्या लाँग रनमध्ये, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब पळण्यात, ३० ग्रॅमपासून सुरू करून चढत जा.

आणि पहिले दहा किलोमीटर आवरा. वेग जितका जास्त, तितका कर्बोदकांचा वाटा जास्त.

प्रश्न : कोच मला आठवड्यातले बहुतेक दिवस इतकं हळू पळायला लावतात की शेजारून चालणारेही पुढे जातील असं वाटतं. घाम नीट येत नाही. दम लागला नाही तर फायदा कसा होणार?

उत्तर : तुमचे कोच चांगले आहेत. त्यांना सोडू नका.

१९६७ मध्ये संशोधक जॉन हॉलोझी यांनी उंदरांना ट्रेडमिलवर आठवडेच्या आठवडे पळवून त्यांचे स्नायू तपासले. मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या भागातली, विकरं सुमारे दुप्पट झाली होती. सहनशक्ती वाढते म्हणजे मुख्यतः हे वाढतं. त्याच्या जोडीला स्नायूंभोवती नव्या केशवाहिन्या फुटतात, रक्ताचं आकारमान वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. यातलं बरंचसं सोप्या पळण्यातूनही होतं, अट एवढीच की ते भरपूर हवं आणि महिनोन्‌महिने हवं. दम लागेपर्यंत रोज पळलात तर ‘भरपूर’ जमतच नाही. दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. शिवाय हाडं आणि स्नायुबंध हृदयापेक्षा खूप सावकाश तयार होतात, म्हणून छातीला झेपतं ते नडगीला झेपेलच असं नाही.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या खेळाडूंकडून आठवड्याला १०० मैल पळवून घेत. त्यांचा पीटर स्नेल काही मॅरेथॉनचा माणूस नव्हता, ८०० मीटरवाला होता. त्याने १९६० मध्ये रोमला त्या शर्यतीचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि १९६४ मध्ये टोकियोला ८०० आणि १५०० दोन्ही जिंकल्या. पुढे संशोधक स्टीफन सायलर यांनी वेगवेगळ्या सहनशक्तीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा सुमारे ८० टक्के सत्रं सोपी आणि उरलेली जोरकस असा नमुना पुन्हापुन्हा दिसला. ती जोरकस २० टक्के मात्र टाळू नका. इंटरव्हलच्या, म्हणजे थोडं जोरात, थोडं विश्रांती असं आलटूनपालटून पळण्याच्या, दिवशी खरोखर जोर लावता यावा म्हणूनच बाकीचे दिवस हळू असतात.

सोपं म्हणजे किती सोपं? पळताना पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. घामाचं प्रमाण मोजून काहीच कळत नाही, ते हवेवर जास्त अवलंबून असतं.

प्रश्न : लाँग रननंतर दोन दिवस मांड्या दुखतात. साठलेलं लॅक्टिक अॅसिड काढायला मालिश करावं का?

उत्तर : मालिशने बरं वाटत असेल तर जरूर करा. लॅक्टेटचा, म्हणजे तुम्ही म्हणता त्या लॅक्टिक अॅसिडचा, मात्र यात संबंध नाही. पळणं थांबल्यावर तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते. हृदय आणि सावकाश काम करणारे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूतंतूंच्या बारीक इजेचं असतं आणि ते उतारावर पळल्यावर जास्त होतं. दोन दिवस हलकं पळा, पोटभर जेवा, झोपा.

प्रश्न : उन्हाळ्यात पाणी किती प्यावं? कुणी म्हणतं तहान लागण्याआधी प्या, वाटेतल्या दर पाण्याच्या स्टेशनवर प्या.

उत्तर : दर स्टेशनवर प्यायलंच पाहिजे हा नियम मी पाळू देत नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शेवटी तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलं होतं आणि तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. त्याच्याशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट होती पळताना वजन वाढणं, म्हणजे घाम गेला त्यापेक्षा जास्त पिणं. चार-पाच तास सावकाश पळणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण त्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो.

एका लाँग रनच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. कमी झालेल्या वजनात वाटेत प्यालेलं पाणी मिळवलं की तुमचा घाम कळतो. माणसामाणसांत तो तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत बदलतो, त्यामुळे मित्राचा आकडा तुमच्या कामाचा नाही. दोनेक टक्के वजन उतरलं तर बहुतेकांना चालतं. उन्हात नव्याने पळायला लागला असाल तर शरीराला सवय व्हायला १० ते १४ दिवस द्या आणि तोवर पेस विसरा. पळून आल्यावर डोकं गच्च, उलट्या, बोटं सुजलेली, बोलण्यात गोंधळ असं दिसलं तर आणखी पाणी पाजू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांची. हाफ मॅरेथॉनची तयारी करते, वजन ५० किलो. वजन उतरल्यापासून वेळ सुधारली म्हणून खाणं आणखी कमी केलं. चार महिने पाळी नाही. मैत्रिणी म्हणतात, जास्त पळणाऱ्या मुलींचं असं होतंच. आता डाव्या नडगीत एका जागी दुखतंय. रेसला सहा आठवडे आहेत. पळत राहू का?

उत्तर : नको. आजपासून पळणं बंद, आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखतं ते हाडाला तडा जात असल्याचं लक्षण असू शकतं.

पाळी थांबणं ही जास्त सरावाची खूण आहे असं तुला कुणीही सांगितलं तरी मानू नकोस. शरीराला पळणं भागवून उरलेल्या ऊर्जेत हृदय, हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती हे सगळं चालवायचं असतं. ते उरलेलं कमी पडलं की शरीर आधी ज्याच्याशिवाय आज जगता येतं ते बंद करतं. पाळी बंद, मग हाडांची बांधणी मंद. संशोधक अॅन लाउक्स यांनी तरुण स्त्रियांवर केलेल्या प्रयोगांत, चरबी वगळून असलेल्या वजनाच्या दर किलोमागे उरलेली ऊर्जा दिवसाला ३० किलोकॅलरीच्या खाली गेल्यावर पाच दिवसांत संप्रेरकांची लय बिघडलेली दिसली. पाच दिवस फक्त. तू चार महिने काढलेस.

तुझ्यासाठी आकडे मांडते. चरबी वगळून तुझं वजन ४० किलो धरू. सगळं सुरळीत चालायला किलोमागे ४५, म्हणजे १,८००. त्यावर १० किलोमीटर पळण्याचे ५००. एकूण २,३००. १,७०० खाल्लंस तर त्या ३० च्या काठावर येतेस, आणि तू तर त्याहूनही कमी खात असणार असं पत्रावरून वाटतं. सुरुवातीला वेळ सुधारली कारण वजन उतरलं. ती सुधारणा टिकत नाही. नंतर आजारपणं, दुखापती आणि थकवा येतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेवर स्वतंत्र निवेदन काढलं आणि पुरुषांनाही ती होते हे त्यात नमूद केलं. पुरुषांत पाळीसारखी खूण नसल्याने ती कळायला आणखी उशीर होतो.

डॉक्टरांना पाळीच्या तारखा, वर्षभरातलं वजन आणि आठवड्याचे किलोमीटर लिहून दे. पाळी थांबायला इतर कारणंही असतात, त्यामुळे गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (हे एक संप्रेरक) यांच्या तपासण्या होतील. त्यांबरोबर ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांच्याही तपासण्या करून घे. नडगीचा साधा एक्स-रे सुरुवातीला निर्दोष येऊ शकतो, तेव्हा दुखणं राहिलं तर एमआरआयबद्दल विचार. गोळ्यांनी पाळी आणून देतो असं कुणी म्हटलं तर, त्या गोळ्यांनी हाडांचं नुकसान भरून निघेल का, हेही विचार. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण ऊर्जेची तूट तशीच राहते. शक्य असेल तर खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या आहारतज्ज्ञाला भेट, आणि खाणं कमी केल्याशिवाय चैन पडत नाही असं होत असेल तर तेही त्यांना मोकळेपणाने सांग.

ही रेस सोडून दे. तपासण्यांचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिही, परतीचं पळणं कसं सुरू करायचं ते तुझ्या हाडाच्या अवस्थेनुसार ठरवू.