गंजलेल्या ४०७ वर आणखी किती घालायचे?

प्रश्न: मी चुनाभट्टीला राहतो. वाशी मार्केटमधून रात्री भाजी उचलून दादरला आणतो. गाडी टाटा ४०७ टेम्पो, २००८चा. मागच्या पाट्याचे (स्प्रिंगचे) यू-बोल्ट, म्हणजे पाटा ॲक्सलला आवळणारे बोल्ट, गंजून बसलेत. गॅरेजवाल्याने पाटे, पिना, बुश धरून ३८ हजार सांगितले, म्हणून काम स्वतःच काढलं; गाडी जॅकवर चढवून बोल्ट तापवून सोडवतोय. हत्यारांवर ९ हजार गेले, गाडी १८ दिवस उभी आहे. एरवी डिझेल-टोल जाऊन दिवसाला दीड हजार सुटतात. मुलीच्या नावची दीड लाखाची एफडी मोडून काम पूर्ण करू का?

उत्तर: एफडी मोडू नका. आणि गाडीखालून आजच बाहेर या.

१८ खाड्यांचे २७ हजार तुम्ही हिशेबात धरलेले नाहीत. हत्यारांचे ९ मिळवले तर ३६ हजार गेले आणि बोल्ट जागच्या जागी आहे. गंजलेला यू-बोल्ट सोडवत बसायचं नसतं, तो कापून नवा टाकतात. गॅस कटरवाल्याला त्यासाठी फार वेळ लागत नाही. तुम्ही मात्र नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली झोपून तो तापवताय, जवळच डिझेलची टाकी आहे. घर तुमच्या एकट्याच्या कमाईवर चालत असेल, तर हा धोका ३८ हजारांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

पैसे वाचवायचेत ना? मग गॅरेजकडून मजुरी आणि सामान असे वेगळे आकडे लिहून घ्या आणि सामान ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारातून स्वतः आणा.

पण त्याआधी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, तपासून घ्या. ओल्या भाजीचं पाणी फळ्यांच्या फटीतून थेट चेसिसवर गळतं, त्यात आपली खारी हवा. पाटा जिथे चेसिसला टांगलेला असतो त्या हँगरपाशी आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत मेकॅनिकला हातोडी मारायला सांगा. आवाज खणखणीत आला तर दुरुस्ती करा, पण ४० हजारांच्या वर एक रुपयाही नको. पापुद्रे सुटले, आवाज बद्द आला, तर गाडीचा मोह सोडा. १५ वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांचं फिटनेसचं (गाडी चालवण्यालायक असल्याच्या प्रमाणपत्राचं) शुल्क २०२२पासून बरंच वाढलंय, आणि फिटनेस नसेल तर कायद्याने गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत. अशा गाडीच्या विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

गाडी मोडीत काढायची ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर (गाडी मोडीत जमा केल्याच्या दाखल्यावर) नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं, व्यावसायिक गाडीच्या रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटीही २८वरून १८ टक्के झालाय. महिन्याला २५ दिवस धंदा धरला तर तुमच्या हातात साडेसदतीस हजार येतात. हप्ता १२ हजारांच्या आत बसेल तेवढीच गाडी घ्या, मग ती लहान असो वा जुनी. तोवर भाड्याच्या टेम्पोवर फेऱ्या सुरू ठेवा. नफा कमी होईल, पण दादरची गिऱ्हाइकं तुटणार नाहीत.

कुर्ल्याच्या भंगारवाल्याने रोख जास्त देऊ केली तरी आरसी (गाडीची नोंदणी) रद्द झाल्याशिवाय गाडी सोडू नका. उद्या ती कुठे रस्त्यावर सापडली, तर पोलीस आणि कोर्ट तुमचंच दार वाजवतील.