संदर्भांसाठी सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

संदर्भांच्या नोंदी ठेवून त्यांची सूची बनवून देणाऱ्या एंडनोट, मेंडेले आणि झोटेरो या सॉफ्टवेअरपैकी कोणते घ्यावे, असे तू विचारले आहेस. सरळ उत्तर आधी देतो: तुझ्या कामासाठी झोटेरो घे. मात्र त्यामागची कारणे वाचल्याशिवाय ते संगणकावर उतरवू नकोस, कारण हाच प्रश्न रसायनशास्त्राच्या एखाद्या संशोधकाने विचारला असता, तर मी कदाचित ‘तुझ्या प्रयोगशाळेत इतर जण जे वापरतात तेच वापर’ एवढे सांगून मोकळा झालो असतो. त्याच्या बहुतेक संदर्भांना डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, असतो. तो टाकला की नोंद तयार होते, आणि हे काम सगळीच सॉफ्टवेअर जवळजवळ सारखे करतात. लेखन लाटेक या टंकजुळणीच्या प्रणालीत करणाऱ्याला तर बिबटेक या स्वरूपातल्या संदर्भांच्या फाइली आणि त्या हाताळणारे जॅबरेफ पुरेसे असते. तुझा विषय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी नियतकालिकांचा आहे, म्हणजे तुझ्या निम्म्याहून अधिक संदर्भांना डीओआय तर नाहीच, पण आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांकही असणार नाही. निवड करायची ती या अडचणीच्या संदर्भांकडे पाहून.

पहिली कसोटी मी अशी लावतो: भरलेली माहिती उद्या बाहेर काढता येईल का? प्रबंधाला चार-पाच वर्षे लागतात आणि त्याच नोंदी पुढे शोधनिबंधांना, पुस्तकाला लागतात. एवढ्या काळात सॉफ्टवेअरचे मालक बदलतात, धोरणे बदलतात. मेंडेले २००८ मध्ये लोकांसमोर आले आणि २०१३ मध्ये एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. २०१८ मध्ये वापरणाऱ्याच्या संगणकावरचा त्याचा डेटाबेस कूटबद्ध होऊ लागला, त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरला तो थेट वाचता येईना. २०२२ च्या सप्टेंबरपासून जुने मेंडेले डेस्कटॉप नव्याने उतरवून घेणेही बंद झाले. एंडनोट हे जुने, भक्कम आणि विकतचे सॉफ्टवेअर आहे. विद्यापीठाचा परवाना आहे तोवर ते फुकट वाटते, पण पदवी मिळाल्यावर परवान्याचे काय होणार, हे ग्रंथालयात जाऊन आधी विचारून घ्यावे. झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रात तयार झाले, म्हणजे ते मुळात इतिहासकारांच्या गरजेतून आलेले आहे आणि वर्तमानपत्र, हस्तलिखित, पत्र, मुलाखत असे नोंदींचे प्रकार त्यात पहिल्यापासून नीट विचारात घेतलेले दिसतात. ते मुक्तस्रोत आहे आणि त्यातल्या सगळ्या नोंदी आरआयएस किंवा बिबटेक या इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या स्वरूपांत केव्हाही बाहेर काढता येतात. एंडनोटच्या तेव्हाच्या मालक कंपनीने २००८ मध्ये झोटेरोवरून त्या विद्यापीठावर खटला भरला होता. वाद होता तो एंडनोटच्या शैलीफाइली, म्हणजे संदर्भांच्या मांडणीचे नियम साठवलेल्या फाइली, झोटेरोला वाचता येण्याचा. पुढच्या वर्षी तो खटला निकाली निघाला. संदर्भांची मांडणी कशी करायची याच्या नियमांवरही मालकी सांगितली जाऊ शकते, हे त्यातून दिसले, आणि सीएसएल या खुल्या पद्धतीत आज हजारो शैली कोणालाही विनामूल्य मिळतात याचे मोल मला त्यामुळे अधिक वाटते.

आता तुझ्या खऱ्या अडचणींकडे येतो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांचा एखादा खंड किंवा कोणतेही मराठी पुस्तक आयएसबीएन टाकून किंवा परदेशी ग्रंथालयाच्या सूचीतून आणलेस, तर लेखकाचे नाव बहुधा रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी टिंबे घेऊन येईल, कारण लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संस्थांची नोंदपद्धतीच तशी आहे. ही नोंद चुकीची नसते, पण मराठी प्रबंधात ती उपऱ्यासारखी दिसते, आणि तोच लेखक दुसऱ्या नोंदीत देवनागरीत असेल तर सॉफ्टवेअर दोघांना वेगवेगळी माणसे समजते. त्यामुळे प्रत्येक मराठी नोंद देवनागरीत स्वतः टंकायची आणि नाव सर्वत्र एकाच रूपात लिहायचे, एकीकडे ‘वि. का.’ आणि दुसरीकडे ‘विश्वनाथ काशिनाथ’ असे होऊ द्यायचे नाही.

संस्था लेखक असेल तेव्हा नावासाठी असलेले दोन रकाने एक करण्याचे बटण वापर. ते न वापरता ‘महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ’ हे नाव दोन रकान्यांत विभागले गेले, तर संदर्भसूचीत ‘मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती’ असे आडनावासह अवतरते. परीक्षकांच्या नजरेत हे पहिल्यांदा भरते.

शके वर्षाचे प्रकरण याहून नाजूक आहे. मुखपृष्ठावर शके १८२० असेल आणि तू तारखेच्या रकान्यात तसेच टाकलेस, तर सॉफ्टवेअर त्याला इसवी सन १८२० धरून बसेल आणि ‘दर्पण’ निघण्याच्या बारा वर्षे आधीचा ग्रंथ तुझ्या सूचीत दाखल होईल. शके वर्षात ७८ मिळवून येणारा इसवी सन तारखेच्या रकान्यात इंग्रजी अंकांत टाक, आणि मूळ शके वर्ष, महिना व तिथी ‘एक्स्ट्रा’ नावाच्या रकान्यात लिहून ठेव. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या अंकांना ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागू शकतात. नियतकालिकाच्या बाबतीत महिना पाहिल्याशिवाय वर्ष ठरवू नकोस.

बिननावी अग्रलेखांबाबत एक आग्रहाची सूचना आहे. लेखकाच्या रकान्यात ‘अज्ञात’ किंवा ‘संपादक’ असे काहीही भरू नकोस, तो रकाना रिकामा ठेव. रिकामा असला की शैली आपोआप मथळा पुढे आणते. ‘अज्ञात’ भरलेस तर ‘ज्ञानप्रकाश’, ‘दीनबंधु’ आणि ‘केसरी’ या एकमेकांशी न पटणाऱ्या तिन्ही पत्रांतले अग्रलेख एकाच अज्ञात गृहस्थाच्या नावावर जमा होतील. अग्रलेख कोणी लिहिला असावा याविषयीचे तुझे अनुमान नोंदीखालच्या टिपणात असू दे.

टिपणांचा विषय निघालाच आहे, तर वाङ्मयचौर्याविषयीही बोलतो, कारण हे सॉफ्टवेअर वापरले की तो धोका टळतो, असा समज विद्यार्थ्यांमध्ये बराच आढळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर व संदर्भसूची त्या मोजणीतून वगळायची आहे. पण कोणता मजकूर उद्धृत आहे हे दोन वर्षांनी तुला आठवले पाहिजे, आणि ते कोणतेही सॉफ्टवेअर आठवून देत नाही. उतरवून घेतलेला मजकूर अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह, त्याच नोंदीला जोडलेल्या टिपणात ठेव. स्वतःचे म्हणणे वेगळ्या टिपणात लिही. माझ्या मते संदर्भ आपोआप छापून देण्यापेक्षा टिपणांची ही सोय अधिक मोलाची आहे, आणि नेमकी हीच फार थोडे लोक वापरतात.

साठवणुकीचे थोडक्यात सांगतो. झोटेरोच्या सर्व्हरवर नोंदींना मर्यादा नाही, पण पीडीएफसारख्या फाइलींना विनामूल्य जागा ३०० मेगाबाइटच मिळते. जुन्या अंकांच्या छायाप्रतींनी ती लगेच भरेल, म्हणून त्या वेगळ्या फोल्डरात ठेवून नोंदीला फक्त जोडून दे. झोटेरोचा स्वतःचा डेटाबेस मात्र गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात ठेवू नकोस, तो बिघडतो; त्याची प्रत दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर घे. सिंक, म्हणजे सर्व्हरमार्फत सगळ्या संगणकांवरच्या नोंदी एकसारख्या ठेवणे, हा बॅकअप नव्हे: एका संगणकावर पुसलेली नोंद दुसऱ्यावरूनही तत्परतेने पुसली जाते.

एवढे वाचूनही निर्णय माझ्या शब्दावर घेऊ नकोस. तुझ्याकडच्या सर्वांत त्रासदायक अशा आठ-दहा नोंदी निवड: एक शके वर्षाचे पुस्तक, एक बिननावी अग्रलेख, पुराभिलेखागारातील एक दफ्तर, मुंबई सरकारचा एक इंग्रजी अहवाल, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातला एक प्रबंध, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधला जेस्टोअर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावरून घेतलेला एक लेख. त्या भरून, विद्यापीठाने सांगितलेल्या शैलीत वर्डमध्ये दोन पानांचा मजकूर तयार कर आणि छापून पाहा. मराठी वाक्यात मध्येच ‘एट अल.’ (‘आणि इतर’) हे रोमन लिपीत उभे राहील, कारण शैलीची भाषा इंग्रजी असते. त्याचे काय करायचे ते आपण एकदाच बसून ठरवू.

मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या स्वतंत्र याद्या हव्यात असा आपल्याकडचा प्रघात आहे. झोटेरो मात्र एकच यादी बनवते. त्यात रोमन नोंदी आधी आणि देवनागरी नोंदी नंतर अशा साधारण दोन गठ्ठ्यांत पडतात, त्यामुळे मधे शीर्षक घालून याद्या हाताने वेगळ्या करणे अवघड नाही. पण हे काम अगदी शेवटी करायचे, कारण सॉफ्टवेअरने यादी पुन्हा ताजी केली की हाताने केलेले सगळे बदल पुसले जातात. म्हणून सादर करायच्या प्रतीतले, मजकूर झोटेरोशी जोडणारे दुवे आधी तोडावे लागतात, आणि दुवे शाबूत असलेली प्रत निराळ्या नावाने जपून ठेवावी लागते. मौखिक परीक्षेनंतर परीक्षक दुरुस्त्या सुचवतात, तेव्हा काम त्या प्रतीवरच करायचे असते. नमुन्याची दोन पाने पुढच्या भेटीला घेऊन ये.

तुझा,
मार्गदर्शक